वारसा : पाटी की व्रत?

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भिगवण मागे टाकून इंदापूरच्या रोखाने निघाले म्हणजे लोणी देवकर हे गाव लागते. उजनीच्या जलाशयाने ह्या तालुक्यातील भीमाकाठची गावेच्या गावे पोटात घेतली. कोणाच्या कपाळी विस्थापन आले, कोणाच्या शेतात ऊस आला. आणि पुढे लोणी देवकरास औद्योगिक वसाहतही आली. अशा गावात बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच विचार चालतो: मुलीस पुढे कोठे घालावयाचे? इंदापुरास, बारामतीस, की थेट पुण्यास? मग निरनिराळ्या महाविद्यालयांची माहितीपत्रके घरात येऊन पडतात. पहिल्या पानावर संस्थेचा थोर वारसा, तिची उदात्त मूल्ये आणि संस्थापकांचा त्याग यांचे वर्णन असते. शेवटच्या पानावर शुल्काचा तक्ता असतो. घरातील कर्ता पुरुष पहिले पान न वाचताच शेवटचे उघडतो. ह्यात त्याचा काही दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. पहिले पान कोणी वाचणार नाही अशा भरवशावर ज्यांनी ते लिहिले, दोष असेल तर त्यांचा आहे.

त्या पहिल्या पानाविषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. विद्यालयाच्या मुळाशी असलेला धर्माचा अथवा पंथाचा वारसा त्याच्या मूल्यांना खरोखर आकार देतो काय, आणि देत असेल तर कोणत्या अटीवर देतो? ह्या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्या समाजात प्रचलित आहेत. एक पक्ष म्हणतो की विद्येला गोत्र नसते. वारसा ही जुनी अडगळ होय. महाविद्यालयाने पदवी द्यावी, नोकरीस लायक करावे आणि गप्प बसावे. दुसरा पक्ष वारशाचा मोठा अभिमानी. तो प्रवेशद्वारावर नाव कोरतो, जयंत्या साजऱ्या करतो, सकाळी प्रार्थना म्हणवितो. पण ह्या नावामुळे आपली संस्था कोणते काम पदरमोड करून करते, अथवा कोणत्या लाभावर पाणी सोडते, असे विचारले की त्यास तो अपमान वाटतो. पहिल्याने वारसा माळ्यावर टाकला, दुसऱ्याने दिवाणखान्यात टांगला. रोजच्या वापरात तो कोणीच आणला नाही.

आमचे म्हणणे असे की, जो वारसा तो सांगणाऱ्याचेच हात बांधतो तोच मूल्ये घडवितो. आपल्याकडे ह्या गोष्टीस व्रत म्हणतात. एकादशी ज्याने धरली त्याने उपाशी राहावयाचे असते. शेजाऱ्यास उपाशी ठेवण्यास कोणी एकादशी म्हणत नाही. आमच्या विद्यालयांत मात्र व्रत संस्थेचे आणि उपवास विद्यार्थ्यांचा, असा प्रकार फार झाला आहे.

आपल्या घराण्याविषयी थंड डोक्याने बोलणे कोणासच साधत नाही. म्हणून पारख करण्यासाठी आम्ही आधी परक्याचा वारसा घेतो. ख्रिस्ती धर्मातील ल्यूथरपंथीयांनी युरोपात, अमेरिकेत आणि आपल्या देशातही उदार विद्येची महाविद्यालये काढली. उदार विद्या म्हणजे धंद्याचे शिक्षण घेण्यापूर्वी अथवा त्याजबरोबर साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित आणि सृष्टिशास्त्र यांचा एकत्र अभ्यास. अमेरिकेतील गेटिसबर्ग (१८३२), ऑगस्टाना (१८६०), लूथर कॉलेज (१८६१), गस्टेव्हस अडॉल्फस (१८६२), सेंट ओलाफ (१८७४) ही ह्या घराण्यातील नावे. ती काढणारे बहुतांशी जर्मनी, स्वीडन आणि नॉर्वे येथून आलेले स्थलांतरित होते, आणि त्यांत शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. परमुलखात अद्याप पुरते बूड टेकले नव्हते, तोच त्यांनी महाविद्यालये उभारली. आपल्याकडे गुंटूर येथील आंध्र ख्रिश्चन कॉलेज (१८८५) त्याच कुळातले.

ह्या पंथाच्या वारशात विद्येस लागू पडणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली: १५२४ साली ल्यूथरने जर्मन नगरांच्या सभासदांस उद्देशून एक पत्रक लिहिले. रस्ते, पूल, बंधारे आणि तोफा यांवर दरसाल एवढा पैसा ओतता, मग पोरांस शिकविणारा एखादा चांगला मास्तर ठेवावयास हात का आखडतो, अशा आशयाचा त्याचा सवाल आहे. शाळा मुलींसाठीही हवी आणि नगरात ग्रंथालय हवे, हेही त्याने त्याच पत्रकात मांडले. दुसरी गोष्ट स्वकर्माची. मठात जाऊन जप करणाऱ्याचे काम पवित्र आणि घर झाडणाऱ्या मोलकरणीचे हलके, हा भेद त्याने मानला नाही. ज्याचे त्याचे काम हेच ईश्वराने त्यास घातलेले बोलावणे, असे त्याने शिकविले. इंदापूर तालुक्यातील वाचकांस हे नवे वाटू नये. भीमेच्या पलीकडे, माढे तालुक्यातील अरण गावी, सावता माळ्याने पंढरीची वाट न धरता आपल्या मळ्यातच विठोबा पाहिला, तो ल्यूथरच्या दोन शतके आधी. तिसरी गोष्ट अशी की, ईश्वराचे राज्य दोन प्रकारचे. एकात श्रद्धा चालते, दुसऱ्या म्हणजे लौकिक राज्यात बुद्धी. म्हणून गणित शिकविणाऱ्याची परीक्षा गणितातच घ्यावी, धर्ममतात घेऊ नये, हा निष्कर्ष ह्या पंथातील विचारवंतांस काढता आला. आज त्यांच्या अनेक महाविद्यालयांत सर्व धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारे विद्यार्थी शिकतात, ते ह्या तिसऱ्या तत्त्वाच्या आधारे.

येथवर वाचून वारशाचा अभिमानी पक्ष माना डोलावू लागेल. त्याने थोडे थांबावे. ह्याच ल्यूथरने १५२५ साली बंड करणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्ध राजेरजवाड्यांस तलवार उपसण्याची चिथावणी दिली, आणि १५४३ साली ज्यू लोकांविरुद्ध असा विखारी ग्रंथ लिहिला की चारशे वर्षांनी हिटलरच्या अनुयायांस तो उपयोगी पडला. दोन राज्यांच्या ज्या सिद्धांताने महाविद्यालयात बुद्धीस मोकळीक दिली, त्याच सिद्धांताचा आडोसा घेऊन जर्मनीतील कित्येक धर्मोपदेशक सरकारच्या अत्याचारापुढे मुके राहिले. आणि त्याच पंथाचा डीट्रिश बोनहोफर त्या सरकारास विरोध केल्याबद्दल १९४५ च्या एप्रिलात फासावर गेला. एकाच मुळाची ही दोन फळे आहेत. वारसा आपोआप काहीच करीत नाही. त्यातले काय उचलावयाचे आणि काय टाकावयाचे, ह्याचा निवाडा प्रत्येक पिढीस नव्याने करावा लागतो. अमेरिकेतील ल्यूथरपंथीयांच्या सर्वांत मोठ्या मंडळाने १९९४ साली संस्थापकाच्या ज्यूद्वेष्ट्या लिखाणाचा जाहीर धिक्कार केला. आपल्याकडे एखाद्या संस्थेने आपल्या संस्थापकाची एखादी चूक स्वतः होऊन छापल्याचे उदाहरण वाचकांनी आठवून पाहावे. आम्हांस फार वेळ आठवावे लागेल असे दिसते.

हा वारसा आम्ही परका म्हटला खरा, परंतु मराठी इतिहासाशी त्याचा एकदा फार निकटचा संबंध आला, आणि तो प्रसंग ह्या वादात साक्षीस बोलाविण्याजोगा आहे. हाले येथे ऑगस्ट हेरमान फ्रांके ह्याने अनाथालय आणि शाळा यांचा मोठा व्याप उभारला होता. तेथे तयार झालेला झीगेनबाल्ग १७०६ साली डॅनिश लोकांच्या ताब्यातील तरंगमबाडीस, म्हणजे त्यांच्या त्रांकेबारास, उतरला. ह्या मंडळींनी तेथे मुलामुलींसाठी शाळा काढल्या, तमिळ भाषेचा अभ्यास केला आणि छापखाना घातला. त्याच परंपरेतला क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५० साली आला आणि पुढे तंजावरास राहिला. तेथे राज्य होते भोसल्यांचे. तुळजाराजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि त्याच्या सांभाळाविषयी ह्या पाद्र्याकडे शब्द टाकला. चुलता अमरसिंग गादीवर बसला, मुलाची आबाळ होऊ लागली, तेव्हा श्वार्ट्झने मद्रास सरकारकडे त्याच्यासाठी दाद मागितली. मुलगा मद्रासेस गेला आणि तेथेही ल्यूथरपंथीय शिक्षकाच्याच हाताखाली शिकला. १७९८ साली श्वार्ट्झ वारला आणि त्याच साली सरफोजी गादीवर आला.

आता पाहावयाचे ते हे. ज्या मुलास पोरकेपणी परधर्मीय गुरूने वाढविले, तो ख्रिस्ती झाला नाही. तो व्हावा असे श्वार्ट्झला वाटत नसेल, असे नव्हे. तो धर्मप्रसारकच होता, आणि तसा असल्याचे त्याने कधी लपविले नाही. पण हाती सापडलेल्या अज्ञान राजपुत्रावर त्याने आपला अधिकार त्या कामी चालविला नाही. सरफोजीने बृहदीश्वराची सेवा केली. त्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा भलामोठा मराठी शिलालेख कोरविला, तो १८०३ चा. त्याच सरफोजीने इंग्लंडातील फ्लॅक्समन ह्या शिल्पकाराकडून आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झचा निरोप घेणारा राजा त्या शिल्पात आजही तंजावरच्या चर्चमध्ये पाहावयास मिळतो. ज्या गुरूने शिष्यास आपल्या पंथात ओढले नाही त्याचेच ऋण शिष्य इतक्या मोकळ्या मनाने मानतो, हा योगायोग नव्हे.

आणि त्या शिक्षणाने शिष्यास काय दिले? सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्याने अपार वाढविला. वैद्यकाचा अभ्यास केला आणि नेत्ररोग्यांची टिपणे ठेवविली. ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात मुलांस अन्न आणि विद्या विनामूल्य मिळेल अशी तजवीज केली. देवनागरी छापखाना घातला आणि त्यातून १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ ह्या नावाने निघाले. पुण्यात पेशवाई चालू असता मराठी मुलांसाठी छापील पुस्तक निघावे ते तमिळ मुलखात! देशी भाषेत छापावे, पोरांस शिकवावे, ग्रंथ जमवावे, ही तिन्ही व्यसने हालेच्या शाळेची आहेत. वारसा पंथाच्या सीमा ओलांडून गेला, कारण तो वाहून नेणाऱ्याने आपल्या मार्गातील सर्वांत सोपा लाभ, म्हणजे एका राजाचे धर्मांतर, बळाने घेतला नाही.

ह्याचीही दुसरी बाजू आम्ही दडवीत नाही. श्वार्ट्झ कंपनी सरकारच्या वतीने हैदरअलीकडे १७७९ साली शिष्टाईस गेला होता. आणि सरफोजीस गादी मिळाली ती १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या पदरात टाकूनच. शिवाय तंजावरच्या ल्यूथरपंथीय चर्चमध्ये जातिभेद चालू दिला गेला होता. पुढे १८३३ साली कलकत्त्याच्या इंग्रज बिशपाने तो मोडण्याची आज्ञा केली, तेव्हा श्वार्ट्झच्याच हाताखाली वाढलेला प्रसिद्ध तमिळ कवी वेदनायक शास्त्री जातीच्या बाजूने उभा राहिला. ज्या ठिकाणी वारशाने स्वतःचे हात बांधून घेतले नाहीत त्या ठिकाणी त्याने काहीच घडविले नाही. भोवतालच्या समाजाचा साचा मात्र निमूटपणे उचलला.

हीच कसोटी मुंबईस लावून पाहावी. डॉ. जॉन विल्सन हा स्कॉटलंडचा मिशनरी. ल्यूथरचा नव्हे, कॅल्व्हिनच्या शाखेतला. त्याची विद्वत्ता आणि त्याचे शिक्षणकार्य निर्विवाद आहे. तो पुढे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि त्याने काढलेली शाळाच पुढे विल्सन कॉलेज झाली. परंतु १८३९ साली त्याच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सारा पारशी समाज खवळला, प्रकरण न्यायासनापर्यंत गेले आणि शाळेतून मुले निघून गेली. १८४३ साली नारायण शेषाद्रीच्या धर्मांतरानंतर त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. न्यायालयाने तो अज्ञान मुलगा बापाच्या हवाली केला, आणि त्यास प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांची बोलणी सोसून खटपट केली. तरुणांनी समजून उमजून धर्म बदलला, तर तो त्यांचा हक्क होय. त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती शाळा ही जाळे होण्यास. शिष्याची जिज्ञासा आणि शिक्षकाचा अधिकार हे एकाच खोलीत असतात. अशा ठिकाणी अधिकार ज्याच्या हाती त्यानेच तो आवरावयाचा असतो. हे आवरणे जेथे सुटले तेथे आईबापांचा विश्वास उडाला, आणि उत्तम विद्यासुद्धा संशयास पात्र झाली.

परक्यांची झडती पुरे झाली, आता घरची. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले तेव्हा संस्थापकांनी आदर्श म्हणून कोणास पुढे ठेवले? कोणा ऋषीस नव्हे. ल्यूथरचे कट्टर विरोधक जे कॅथलिक जेझुइट, त्यांच्या निःस्वार्थ सेवेच्या नियमास. आजीव सभासदाने अल्प वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे संस्थेस द्यावी, हे व्रत पुण्याच्या ब्राह्मणांनी रोमन पाद्र्यांकडून घेतले. सभासदांनी बाहेर मिळकत करावी की नाही ह्या प्रश्नावर मतभेद विकोपास गेले आणि टिळकांनी १८९० साली राजीनामा दिला. त्या भांडणात कोणाचे किती चुकले हा येथे प्रश्न नाही. ते भांडण कशाविषयी होते, ते पाहावे: आपण स्वतः होऊन स्वीकारलेल्या बंधनाचा अर्थ काय, ह्याविषयी. असे भांडण जेथे होऊ शकते तेथे वारसा जिवंत असतो. आज संस्थांतून भांडणे होत नाहीत असे कोण म्हणेल? परंतु ती अध्यक्षपदाची, जागेची आणि बांधकामाच्या मक्त्याची. शिवाय त्याच फर्ग्युसन कॉलेजात, ज्याची प्रेतयात्रा लोकांनी जिवंतपणी काढली तो आगरकरांसारखा उघड बुद्धिवादी १८९२ पासून मृत्यूपर्यंत प्राचार्य होता. संस्थेस आश्रय देणाऱ्या समाजास तो नकोसा होता. संस्थेने त्यास ठेवले. मूल्य म्हणतात ते हे.

दुसरे उदाहरण भाऊराव पाटलांचे. ते जन्माने जैन, शिक्षणासाठी कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहात. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांस बोर्डिंग सोडावे लागले. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या घरातून, माणसाचा विटाळ न मानणाऱ्या मुलास बाहेर जावे लागले! त्या दिवशी जैन वारसा कोठे होता? बोर्डिंगच्या पाटीवर होता की रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या विद्यार्थ्यापाशी? त्याचे उत्तर पुढील चाळीस वर्षांनी दिले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. मुले एका पंक्तीस जेवू लागली आणि आपल्या श्रमाने आपला खर्च भागवू लागली. १९४७ साली तेथे ‘कमवा आणि शिका’ ह्या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. श्रमास पावित्र्य देणारा जो विचार ल्यूथरने मठाविरुद्ध मांडला, तो भाऊरावांनी सोवळ्याविरुद्ध अमलात आणला. आणि त्यासाठी त्यांस ल्यूथर वाचावा लागला नाही.

आता लोणी देवकरच्या त्या घराकडे परत येऊ. ह्या भागातील मुले ज्या बारामतीस शिकावयास जातात, तेथील तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले, आणि ते चालविणाऱ्या संस्थेचे नाव आहे अनेकान्त एज्युकेशन सोसायटी. हे नाव वाचून आम्ही थबकलो. देणगीदाराचे, देवाचे अथवा पुढाऱ्याचे नाव संस्थेस देणे सोपे असते. येथे संस्थेने एका तत्त्वाचेच नाव धारण केले आहे. वस्तू अनंत धर्मांची असते. कोणतेही एक विधान तिच्या एकाच बाजूस पाहून केलेले असते. म्हणून प्रत्येक विधानामागे ‘एका दृष्टीने’ असे म्हणावयाची तयारी ठेवावी, हा जैन दर्शनातील अनेकान्तवादाचा थोडक्यात आशय. उदार विद्येच्या महाविद्यालयास ह्याहून समर्पक नाव ल्यूथरपंथीयांसही सापडले नसते. त्या महाविद्यालयाविरुद्ध आमची काही तक्रार नाही. उलट असे नाव घेण्याचे धैर्य दाखविल्याबद्दल त्याच्या संस्थापकांचे आम्ही अभिनंदनच करतो. परंतु तत्त्वाचे नाव ही सही केलेली हुंडी असते. ती वटविण्यास कोणीही येऊ शकतो. म्हणून ह्या नावाच्या निमित्ताने आम्ही महाराष्ट्रातील वारसा सांगणाऱ्या सर्वच संस्थांस, मग त्यांच्या दारावर महावीर असो, ख्रिस्त असो, शिवाजी असो, फुले असोत की आंबेडकर, काही विचारू इच्छितो.

अनेकान्त म्हणता, तर आपल्या वर्गात शिक्षकाचे मत खोडून काढणाऱ्या विद्यार्थ्यास गुण अधिक मिळतात की कमी? इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत दोन पक्ष मांडून तिसरे मत देणारी मुलगी पास होते की ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करणारी? अपरिग्रह म्हणता, तर प्रवेशाच्या वेळी पावतीवर न दिसणारा पैसा आपल्या संस्थांत घेतला जातो की नाही? कॅपिटेशन शुल्कास बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने १९८७ साली केला. पाच व्रतांतील एक व्रत दारावर कोरणाऱ्यांच्या प्रांतात त्यासाठी कायदा करावा लागतो, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. फुल्यांचे नाव घेता, तर शिपायास अहो-जाहो करता काय? आणि ज्यांस राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्य म्हणून संस्था चालविण्याचा विशेष अधिकार दिला आहे, त्या सर्व धर्मांच्या संस्थांस आमचा सवाल असा: वारशामुळे मिळणारा अधिकार तुम्ही न्यायालयात जाऊन मागता, त्याच वारशामुळे येणारे कर्तव्य कोणी मागावयाचे, आणि कोठे?

ह्यावर व्यवहारी पक्षाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. तो म्हणेल, ही चैन पुण्यातील खाऊन-पिऊन सुखी लोकांची. लोणी देवकरच्या मुलीस वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी हवी, तिला अनेकान्ताचे काय? हा आक्षेप वरवर दयाळू आणि मुळात उर्मट आहे. पुण्यातल्या मुलाने विचार करावा आणि लोणी देवकरच्या मुलीने यंत्र चालवावे, अशी ही नव्या चातुर्वर्ण्याची वाटणी होय. नोकरी हवीच. परंतु ज्या कारखान्यात ती जाईल, तेथे सुरक्षिततेचे नियम न पाळल्यास बोलावयाचे की नाही, ठेकेदाराने कोऱ्या कागदावर सही मागितली तर द्यावयाची की नाही, उजनीच्या पाण्यात काय सोडले जाते हे विचारावयाचे की नाही, हे प्रश्न तिच्यापुढे येणारच आहेत. त्यांची उत्तरे शुल्काच्या तक्त्यात नाहीत. ती पहिल्या पानावरच्या मूल्यांत असावयास हवीत, आणि ती मूल्ये तिने आपल्या प्राचार्यांस स्वतःचे नुकसान सोसून पाळताना पाहिलेली असावयास हवीत. पाहिल्यावाचून मूल्य शिकता येत नाही. पोहण्यासारखेच ते आहे.

दुसरा आक्षेप अभिमानी पक्षाचा: आम्ही वारशास बंधन म्हणतो, मग त्याचे प्रेम, त्याची उब, त्याचे सण कोठे गेले? ते सर्व असू द्यावे. प्रार्थना असू द्यावी, दिंडी निघू द्यावी, पुतळ्यास हारही घालावा. तुकोबांची पालखी दरसाल ह्याच बारामती-इंदापुरावरून जाते, आणि त्या मार्गावरच्या माणसास भक्तीची उब आम्ही सांगावी असे नाही. पण वारकऱ्याने माळ घातली म्हणजे तो मांसाहार सोडतो. मोबदल्यात दुसऱ्यांकडून काही मागत नाही. माळ गळ्यात आणि बंधन दुसऱ्याच्या, असे त्या परंपरेत चालत नाही. विद्यालयातही चालू नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक संस्थेने आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर वारशाचे वर्णन चार ओळींत आटोपावे, आणि त्याखाली दोन याद्या छापाव्या. पहिलीत, ह्या वारशामुळे गेल्या वर्षी आम्ही काय नाकारले: कोणती देणगी परत केली, कोणती शिफारस मानली नाही, कोणत्या प्रबळ माणसास ‘नाही’ म्हटले. दुसरीत, ह्या वारशातील कोणती गोष्ट चूक म्हणून आम्ही टाकली. श्वार्ट्झने पहिल्या यादीत एक राजपुत्र लिहिला असता, आणि त्याच्या अमेरिकेतील पंथबंधूंनी दुसऱ्या यादीत १५४३ चा ग्रंथ लिहिला आहे. कोणत्या संस्थेच्या याद्या कोऱ्या निघतात ते आपोआप कळेल.

आणि लोणी देवकरच्या त्या गृहस्थास आमची विनंती अशी की, त्यांनी शुल्काचे पान अवश्य पाहावे. घामाचा पैसा आहे. पण प्रवेशाच्या खिडकीशी उभे असता त्यांनी, किंवा त्यांच्या मुलीने, एवढे विचारावे: ‘साहेब, हे नाव तुम्ही लावले आहे, त्यापायी तुम्हांला कधी काही सोसावे लागले काय?’ आतला माणूस क्षणभर गोंधळेल, कदाचित रागावेलही. परंतु जेथे त्यास एखादी जुनी गोष्ट आठवेल आणि ती सांगण्यासाठी तो मुलीस आत बसवून घेईल, तेथे तिचे नाव घालण्यास आमची संमती आहे.